आवाज येतो, पण इको येत नाही

जुनं इको मशीन हाती आलेला माणूस बहुधा हाच प्रश्न विचारतो : दिवा लागतो, गिटारचा आवाज स्पीकरमधून नीट येतो, मग इको का येत नाही? लगेच दुसरा प्रश्न येतो : कुठला पार्ट गेला असेल? या दुसऱ्या प्रश्नात एक गृहीत दडलेलं असतं. काहीतरी जळलंय, ते बदललं की झालं! टेपवर चालणाऱ्या इको मशीनच्या बाबतीत हे गृहीत बऱ्याचदा फसतं. इथे आधी मळ, कडक झालेलं रबर आणि झिजलेली टेप तपासायची; ट्रान्झिस्टरवर संशय घ्यायचा तो त्यानंतर.

मशीनं अनेक आहेत, पण आपण एकच समोर ठेवू : जपानच्या रोलँड कंपनीने १९७४ साली बाजारात आणलेलं आरई-२०१, म्हणजेच ‘स्पेस इको’. हे एक नीट कळलं की त्याच्या भाऊबंदांचे आजारही ओळखता येतात.

१. टेपमधून इको निघतो कसा?

डोंगरासमोर उभं राहून हाक मारली की आवाज कड्यापर्यंत जातो, आपटून परत येतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. कडा ३४ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६८ मीटर, म्हणजे हाक परत यायला साधारण ०.२ सेकंद लागतात. टेबलावरच्या खोक्यात कडा बसवता येत नाही. म्हणून आवाज आधी टेपवर लिहायचा आणि टेप थोडी पुढे सरकली की तिथे बसवलेल्या दुसऱ्या हेडने तो वाचायचा. लिहिणं आणि वाचणं यांत जो वेळ जातो, तोच इकोचा अवकाश.

हिशेब सोपा आहे. दोन हेडांमधलं अंतर भागिले टेपचा वेग. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर धावत असेल आणि वाचणारं हेड लिहिणाऱ्या हेडपासून ३८ मिलिमीटरवर असेल, तर ३.८ भागिले १९, म्हणजे ०.२ सेकंद. ३४ मीटरवरचा कडा ३८ मिलिमीटरमध्ये मावला.

स्पेस इकोमध्ये टेपच्या वाटेवर पाच हेडं आहेत. पहिलं जुना आवाज पुसतं, दुसरं नवा लिहितं, पुढची तीन वाचतात. ‘रिपीट रेट’ हे बटण मोटरचा वेग बदलतं. मोटर मंदावली की इको लांबतो. ‘इंटेन्सिटी’ वाढवलं की वाचलेल्या आवाजातला काही भाग पुन्हा लिहिणाऱ्या हेडकडे जातो, म्हणून इकोचा इको, त्याचाही इको असं चालू राहतं. हे बटण फार पुढे नेलं की आवाज विरत नाही, उलट फुगत जातो आणि मशीन स्वतःच घुमायला लागतं. मशीन बिघडलं म्हणून दुरुस्तीला आणणाऱ्यांपैकी काहींची तक्रार एवढीच असते. तो बिघाड नव्हे. जमैकातल्या ली पेरीने आपल्या ‘ब्लॅक आर्क’ स्टुडिओत याच घुमण्याला वाद्यासारखं वापरून घेतलं.

ही कल्पना काही रोलँडची नाही. १९५०च्या दशकात मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्स टेपरेकॉर्डर वापरूनच हा परिणाम साधत होते. १९५८ साली लंडनच्या चार्ली वॉटकिन्सने ‘कॉपीकॅट’ हे उचलून नेता येणारं मशीन काढलं, अमेरिकेत ‘इकोप्लेक्स’ आलं, आणि इटलीत मिलानच्या बिन्सन कंपनीने टेपऐवजी फिरतं चुंबकीय चाक वापरलं. रोलँडची खुबी वेगळी होती. त्यांनी रिळं काढूनच टाकली. टेपचं एक बंद कडं पारदर्शक झाकणाखालच्या पसरट कप्प्यात सैलसर वेटोळी घालत पडतं आणि दुसऱ्या टोकाने खेचलं जातं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला टेप गुंतली आहे असंच वाटतं. गुंतलेली नसते. कॅसेटच्या दिवसांतली सवय म्हणून कुणी पेन्सिल घेऊन ती ‘नीट’ करायला जाऊ नये.

२. आधी प्लगकडे बघा

जपानमधल्या घरगुती विजेचा दाब १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. जपानी बाजारासाठी बनलेलं मशीन कुणी नातेवाइकाने आणलं, इथल्या सॉकेटला बसेल असा ॲडॅप्टर लावला आणि बटण दाबलं, की फ्यूज तरी उडतो नाहीतर ट्रान्सफॉर्मर तापून वास येतो. ॲडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट तेवढेच राहतात. मशीनच्या पाठीवरची पट्टी वाचायची, तिथे १०० किंवा ११७ लिहिलं असेल तर तेवढ्याच व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार लावायची नाही. त्या तारेने फ्यूज वाचतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. मूळच्यासारखा ट्रान्सफॉर्मर आज शोधायचा म्हणजे वणवण.

कित्येक वर्षं बंद पडून असलेलं मशीन थेट विजेला जोडू नये. इलेक्ट्रिशियनकडे असतो तो सिरीज बोर्ड इथे उपयोगी पडतो : विजेच्या वाटेत एक ६० वॉटचा बल्ब, त्याच्या पुढे स्टेप-डाउन, त्याच्या पुढे मशीन. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. लगेच बंद करायचं. बल्ब जुन्या पद्धतीचा, तारेचाच हवा. एलईडीने हे काम होत नाही.

विजेचा आणखी एक पैलू आहे. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनं पूर्ण करते, आपल्याकडे ५०. जुन्या इकोप्लेक्सची मोटर थेट विजेच्या या ठेक्यावर चालते, त्यामुळे व्होल्ट बरोबर दिले तरी इथे ती साधारण पाचषष्ठांश वेगाने फिरते. तिथला ०.३० सेकंदांचा इको इथे ०.३६ सेकंदांचा होतो. मशीनमध्ये दोष काहीच नसतो. स्पेस इकोची मोटर डीसी आहे, वेग आतलं सर्किट ठरवतं, त्यामुळे हा प्रश्न तिला येत नाही.

झाकण उघडण्यापूर्वी प्लग काढायचा, हे वेगळं सांगायला नको. पण प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते. ट्रान्झिस्टरच्या मशीनमध्ये ती बेताची असते. व्हॉल्व्ह असलेल्या जुन्या कॉपीकॅट किंवा बिन्सनमध्ये शेकडो व्होल्ट असतात. व्हॉल्व्हचं मशीन पुस्तक वाचून उघडू नये, जाणकाराकडेच न्यावं.

३. झाकण न उघडता अर्धी परीक्षा

सोसायटीत एका फ्लॅटच्या नळाला पाणी नसेल तर आपण त्या फ्लॅटची तोटी बघतो, आणि सगळ्या फ्लॅटना नसेल तर गच्चीवरची टाकी. इको मशीनमध्येही नेमकं हेच करायचं आहे. सुदैवाने स्पेस इकोच्या तोंडावरच बारा जागांचं गोल बटण आहे, आणि तपासणीचं याच्याइतकं चांगलं साधन बाजारात विकत मिळणार नाही.

आधी पायाने दाबायचा स्विच जोडलेला असेल तर तो काढून ठेवा. इको बंद करणं हेच त्याचं काम, त्यामुळे खराब वायरचा स्विच मशीनला उगाच बदनाम करतो. मग माईक किंवा गिटार लावा आणि तोंडावरच्या मीटरची सुई बघा. सुई हलते, म्हणजे आवाज आत शिरला. आता गोल बटण बाराव्या जागी न्या. तिथे टेपचा संबंध नाही. आत टांगलेल्या स्प्रिंगांमधून येणारा रिव्हर्ब तेवढा ऐकू येतो. रिव्हर्ब आला, तर वीजपुरवठा आणि आवाज आत घेणारा भाग शाबूत आहे. एका कानाने ऐकून निम्मं मशीन संशयातून सुटलं.

आता एक, दोन, तीन. पहिल्या जागी पहिलं वाचणारं हेड एकटं बोलतं, दुसऱ्या जागी दुसरं, तिसऱ्या जागी तिसरं. फक्त दुसरं मुकं असेल तर दोष त्या हेडमध्ये, त्याच्या बारीक वायरमध्ये किंवा गोल बटणाच्या त्या संपर्कात. तिन्ही मुकी असतील तर तीन हेडं एकदम मेली असं समजू नका. असं सहसा होत नाही. जे तिघांना सामाईक आहे ते बघा. टेप मुळात फिरते आहे का? लिहिणारं हेड लिहितंय का? वाचलेला आवाज मोठा करणारा भाग चालू आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फुकट मिळतं. माईक काढून ठेवा आणि इकोचा आवाज पूर्ण वाढवा. टेपचा ‘स्स्स’ असा सूर ऐकू आला, टेप थांबली की तो बदलला, तर वाचणारी बाजू जिवंत आहे आणि संशय लिहिणाऱ्या बाजूवर जातो. अगदी शुकशुकाट असेल तर उलट.

एखादं हेड बटण फिरवताना खरखरत मध्येच येत-जात असेल तर हेडाला दोष देण्याआधी बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. बराच काळ न वापरलेल्या संपर्कांवर काळसर थर धरतो. नुसत्या फिरवण्याने तो निघाला नाही तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा पुरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत असे फवारे सहज मिळतात. रॉकेल किंवा बिजागरीचं तेल घालू नका. आज खरखर थांबते, पुढे त्याच्यावर धूळ चिकटून जास्त वाढते.

४. पाच मायक्रॉन मळाची किंमत

इको येतो, पण कांबळं गुंडाळल्यासारखा घुसमटलेला येतो. इथे लोक टोन कंट्रोलशी झटापट करतात. आधी हेड बघा.

टेपवर लिहिलेल्या आवाजाच्या प्रत्येक लाटेला लांबी असते : टेपचा वेग भागिले कंपनसंख्या. वेग सेकंदाला १९ सेंटिमीटर धरला, तर १०० कंपनांच्या खर्जातल्या सुराची टेपवरची लाट १.९ मिलिमीटर लांब होते. झांजेच्या किणकिणाटात असतात त्या १०,००० कंपनांची लाट फक्त ०.०१९ मिलिमीटर, म्हणजे १९ मायक्रॉन. आता हेड आणि टेप यांच्यामध्ये ५ मायक्रॉनचा मळ बसला आहे असं समजा. माणसाचा केस याच्या दहापट तरी जाड असतो. १.९ मिलिमीटरच्या लाटेला ५ मायक्रॉनचं काय! पण १९ मायक्रॉनच्या लाटेला ते अंतर तिच्या लांबीच्या चौथाईहून जास्त आहे, आणि तिथला आवाज सुमारे पाचव्या हिश्शावर येतो. मळ खर्जाला हातही लावत नाही, वरचे सूर मात्र खाऊन टाकतो.

हा मळ येतो टेपवरूनच. टेपवरचा चुंबकीय लेप गंजाच्या जातीचा, तपकिरी. घासून-घासून त्याची पूड हेडावर साचते. आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कानकाडी हेडाच्या तोंडावरून फिरवली की कापूस चहाच्या रंगाचा होतो. दुसरी घ्यायची, तिसरी घ्यायची, कापूस पांढरा राहीपर्यंत. हेड ज्या बारीक उभ्या फटीतून वाचतं ती फट साफ करताना नख, ब्लेड, स्क्रूड्रायव्हर यांतलं काहीही लावायचं नाही. टेपला हेडावर दाबून धरणाऱ्या नमद्याच्या गाद्याही बघा. त्या कडक झाल्या किंवा गळून पडल्या असतील तर हेड चकचकीत करूनही टेप त्याला नीट टेकणार नाही.

एवढं केल्यावर कित्येक ‘बिघडलेली’ मशीनं चालू लागतात. पण दुरुस्तीचं बिल कापसाच्या कानकाडीवर लावता येत नाही, म्हणून काही कारागीर हे सांगायला फार उत्सुक नसतात.

५. डुलणारा सूर

इको येतो, स्वच्छ येतो, पण सूर हेलकावे खातो. थोडासा हेलकावा या मशीनचा स्वभाव आहे, आणि त्याच्यासाठीच तर लोक संगणकातला इको सोडून इकडे येतात. किती हेलकावा चालेल हे कानाला ठरवू द्या. त्यासाठी गिटार कामाची नाही, तिचा सूर लगेच विरतो. हार्मोनियमचा एकच ‘सा’ धरून ठेवा आणि फक्त इको ऐका. स्थिर सुरात बारीकशी थरथरही लपत नाही.

हेलकावा सावकाश असेल, सेकंदाला एखाद-दोन, तर रबरी पिंच रोलर बघा. कॅपस्टन म्हणजे मोटरने फिरणारा पोलादी दांडा. पिंच रोलर टेपला त्याच्यावर दाबतो आणि दोघांच्या चिमटीतून टेप ओढली जाते. कॅसेट प्लेअरमध्ये हीच जोडी असायची. चाळीस-पन्नास वर्षांत रबर कडक होतं, त्याच्या मधोमध काळा तुळतुळीत पट्टा पडतो, टेप तिथे निसटते. तो पट्टा पाण्यात जरा ओलावलेल्या, किंचित साबण लावलेल्या कापडाने पुसून बघा. रबराला अल्कोहोल वारंवार लावू नये, ते आणखी कोरडं पडतं. पुसूनही चमक राहिली तर रोलरवर नवं रबर चढवून घ्यावं लागतं. पॉलिश पेपरने घासण्याचा मोह टाळा. हाताने घासलेला रोलर पूर्ण गोल राहत नाही, आणि मग प्रत्येक फेऱ्याला नवा हेलकावा.

थरथर जलद असेल तर कॅपस्टनला चिकटलेली पूड किंवा मोटरचे झिजलेले बेअरिंग. आणि काही सेकंदांनी एकदाच ‘टप्प’ असा खड्डा पडत असेल, तर तो टेपच्या जोडाचा. टेपचं कडं एक फेरी पूर्ण करतं तेव्हा जोड हेडावरून जातो. तो खड्डा किती वेळाने येतो हे घड्याळ लावून मोजा. टेपच्या फेरीशी जुळला, की संशय उरत नाही.

६. जुने आवाज पुसलेच जात नाहीत

मशीनच्या तक्रारींमधली ही मला सर्वांत आवडती तक्रार, कारण इथे दोन लक्षणांची बेरीज केली की दोष हातात येतो.

लक्षण पहिलं : पाच मिनिटांपूर्वी वाजवलेलं अजून मागून ऐकू येतंय. म्हणजे पुसणारं हेड काम करत नाही. आता नवा आवाज कसा लिहिला जातोय ते ऐका.

टेपचा एक हट्ट आहे. तिला नुसता आवाजाचा प्रवाह दिला तर ती तो बारीक आणि फाटका लिहून घेते. म्हणून लिहिताना त्याच्यात कानाला ऐकू न येणारा, फार वरच्या कंपनांचा प्रवाह मिसळतात. त्याला बायस म्हणतात. तो मिसळला की टेप मुकाट्याने जसंच्या तसं लिहून घेते. हा प्रवाह तयार करणारं सर्किट, म्हणजे ऑसिलेटर, एकच असतं. तेच बायस पुरवतं आणि तेच पुसणाऱ्या हेडालाही चालवतं.

तेव्हा जुना आवाज पुसला जात नाही, पण नवा स्वच्छ आहे : दोष पुसणाऱ्या हेडमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये. जुना पुसला जात नाही आणि नवाही क्षीण, फाटका आहे : दोष ऑसिलेटरमध्ये. दोन आजार नाहीत, एकच आहे. हे न ओळखता लिहिणारं आणि पुसणारं अशी दोन्ही हेडं बदलायला निघालेला माणूस दोन दुर्मीळ वस्तूंचे पैसे घालवतो, आणि इको तसाच फाटका राहतो.

ऑसिलेटरपर्यंत पोचल्यावर मात्र मीटर आणि सर्किटचा नकाशा लागतो. तिथे सगळ्यात आधी बघायचा तो कोरडा डाख, म्हणजे पार्टच्या पायाभोवती बारीक गोल भेग पडलेला. भिंगाखाली तो लगेच दिसतो. मशीन गरम झाल्यावर बंद पडतं आणि थंड झाल्यावर चालू होतं, अशी तक्रार असेल तर अशा डाखाची शक्यता आणखी वाढते.

७. घूं

घूं दोन प्रकारची असते आणि तिचा स्वर ओळखता आला तर वेळ वाचतो. आपल्या विजेच्या ५० कंपनांची घूं जाड, खालची. ती बहुतेक वेळा बाहेरून शिरते, तुटक्या शील्डच्या वायरीतून किंवा अर्थिंगच्या घोळातून. इनपुटची वायर काढली की ती गेली, तर मशीन निर्दोष. १०० कंपनांची घूं बरोबर एक सप्तक वर आणि जरा खरबरीत. ती मशीनच्या वीजपुरवठ्यातली, तिथला मोठा कपॅसिटर सुकल्याची खूण. जुन्या कारागिरांच्या भाषेत ‘कंडेन्सर गेला’. घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा उपाय स्टेजवर सर्रास दिसतो. तो करू नका. मशीनच्या पत्र्यात वीज उतरली तर ती गायकाच्या ओठाला टेकलेल्या माईकमधून वाट काढते.

कपॅसिटर बदलताना व्होल्टेज मूळच्याइतकं किंवा जास्त, आणि अधिक-उणे टोकं जुळवून. सगळे कपॅसिटर एका बैठकीत बदलायची फॅशन आहे. मला ती पटत नाही. चाळीस ठिकाणी डाख उकलून पुन्हा लावायचा म्हणजे चाळीस नव्या चुकांची सोय, आणि नंतर मशीन बोललं नाही तर जुना दोष कुठला आणि नवा कुठला हे सांगता येत नाही. वीजपुरवठ्यातले आधी बदला, मशीन चालवून ऐका, मग पुढचं.

८. टेपचा जोड आणि झिजलेलं हेड

टेप दर काही महिन्यांनी बदलायचीच वस्तू आहे, विशेषतः कोकण-मुंबईच्या दमट हवेत, जिथे जुनी टेप चिकट होते किंवा तिच्यावर बुरशी धरते. जुनी वाचवत बसण्यात अर्थ नाही. नवी घेताना अशा कड्याच्या मशीनसाठी बनलेली, पाठीला घसरपणा असलेली टेप घ्या. साध्या रिळाची टेप कप्प्यात आपल्याच वेटोळ्यांना अडकते. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून तिरकी, ४५ अंशांत कापा. सरळ कापलेला जोड हेडावर एकदम येतो आणि टप्पा ऐकू येतो. तिरका हळूहळू सरकतो. चिकटपट्टी लेप नसलेल्या बाजूला, आणि ती स्प्लायसिंगचीच. घरातल्या सेलोटेपचा डिंक उन्हाळ्यात कडेने पाझरतो आणि पुढच्या वेटोळ्याला चिकटतो.

हेडाचं तोंड मात्र परत येत नाही. नखाने हळूच चाचपलं आणि टेपच्या रुंदीएवढी खाच लागली, की ते झिजलं आहे. खाच उथळ असेल तर कुशल कारागीर घासून एकदा-दोनदा सपाट करून देतो. खोल असेल तर वाचणारी फटच रुंदावते आणि वरचे सूर कायमचे जातात. मग दुसरं हेड लागतं, आणि ते बहुतेक वेळा एखाद्या निकामी मशीनमधूनच मिळतं. म्हणून ट्रान्सफॉर्मर जळलेलं, पत्रा गंजलेलं आरई-२०१ कुणी भंगाराच्या भावात देत असेल तर घेऊन ठेवावं. आधी झाकण उघडून त्याच्या पाचही हेडांवर नख फिरवून बघावं, आणि भाव त्यानंतर ठरवावा.